स्टॅनलीच्या मागावर, उलट्या वाटेने

शुक्रवार, शिकागो

लेक मेडोजच्या उंच इमारतींसमोर गाडी लावली आणि अण्णांनी विचारलं, "तुरुंग कुठाय?"

इथेच होता. पार्किंग, हिरवळ, बसथांबा, समोरची शाळा, सगळं त्याच्याच जमिनीवर उभं आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे उत्तरेची राज्यं आणि फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं यांच्या लढाईत, कॅम्प डग्लस नावाची लाकडी बराकींची छावणी या जागी होती. 1861 मध्ये ती उत्तरेच्या नव्या शिपायांना कवायत शिकवायला उभारली. 1862 च्या फेब्रुवारीत दक्षिणेचा फोर्ट डोनेल्सन हा किल्ला पडला, दक्षिणेचे हजारो शिपाई एकदम हाती आले, त्यांना ठेवायचं कुठे हा प्रश्न पडला आणि छावणीचा तुरुंग झाला. युद्ध संपेपर्यंत सव्वीस हजारांच्या वर कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेचे, कैदी इथून गेले. त्यातले चार हजारांच्या वर इथेच मेले.

अण्णा माझे थोरले चुलतभाऊ, नाशिकच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. पहिल्यांदाच अमेरिकेत आले, आणि नायगारा वगैरे राहू दे म्हणाले. त्यांना हेन्री मॉर्टन स्टॅनली हवा होता. आफ्रिकेत ठावठिकाणा लागेनासा झालेल्या लिव्हिंग्स्टन या प्रवासी-संशोधकाला शोधून काढणारा तो स्टॅनली. आपल्याला तो तेवढ्यापुरताच माहीत असतो. त्याआधी एकविसाव्या वर्षी तो दक्षिणेच्या सैन्यात शिपाई होता, टेनेसी राज्यातल्या शायलोच्या लढाईत पकडला गेला आणि शिकागोत कैदेत पडला, हे मीही इतकी वर्षं शिकागोजवळ राहून कधी वाचलं नव्हतं. ते अण्णांनी सांगितलं. मग ठरलं की त्याची वाट उलटी चालायची. तुरुंगापासून सुरुवात, मग रणभूमी, मग तो भरती झाला ते गाव.

किंग ड्राइव्हवर एक माहितीफलक आहे. तो वाचायला पाच मिनिटं लागतात. त्यापलीकडे छावणीचं जमिनीवर काहीच उरलेलं नाही. अलीकडच्या वर्षांत इथे उत्खनन झालं आणि मातीखालून शिपायांच्या वस्तू निघाल्या, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. ज्याच्या जमिनीवर छावणी होती आणि ज्याचं नाव तिला दिलं तो सिनेटर स्टीफन डग्लस मात्र जवळच पस्तिसाव्या रस्त्यावर 96 फूट उंच स्तंभावर उभा आहे. लिंकनशी गाजलेले वादविवाद करणारा तो हाच.

स्टॅनली इथे आला 1862 च्या एप्रिलमध्ये. त्याच्या आत्मचरित्रात या जागेचं जे वर्णन आहे ते जेवताना वाचू नये. लांबलचक बराकी, दोन्ही बाजूंना फळ्यांचे ओटे, त्यावर खेटून झोपलेली माणसं. उवा सगळ्यांच्या अंगावर. हगवण आणि विषमज्वर. संडासांपर्यंत जायची ताकद नसलेले लोक रांगत निघत आणि वाटेतच पडत. सकाळी गाडा येई आणि रात्रीत मेलेल्यांना घोंगडीत गुंडाळून एकावर एक रचून नेई. बरीच वर्षं आफ्रिकेत मृत्यू पाहिलेल्या माणसाने म्हातारपणी लिहिलेलं हे आहे, तरी हात थरथरल्यासारखा वाटतो.

स्टॅनलीच्या शब्दांवर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न या सबंध प्रवासात आमच्याबरोबर होता. या गृहस्थाला सत्याशी फारसं देणंघेणं नसे. तो मुळात वेल्समधला जॉन रोलंड्स, अविवाहित आईचा मुलगा, सहाव्या वर्षापासून अनाथ-दरिद्र्यांच्या वर्कहाउसमध्ये वाढलेला. 1859 मध्ये जहाजावर पोऱ्या म्हणून न्यू ऑर्लिन्सला आला. तिथल्या हेन्री होप स्टॅनली नावाच्या कापूस-व्यापाऱ्याने आपल्याला दत्तक घेतलं, नाव दिलं आणि 1861 मध्ये तो क्यूबात वारला, असं तो लिहितो. प्रत्यक्षात तो व्यापारी 1878 पर्यंत जिवंत होता. चरित्रकारांनी त्याच्या अशा बऱ्याच गोष्टींचा पिसारा उतरवला आहे.

पण कॅम्प डग्लसबद्दल त्याला साक्षीदार आहेत, आणि तेही शत्रूपक्षाचे. 1862 च्या जूनमध्ये शिपायांच्या आरोग्याची काळजी घेणाऱ्या, उत्तरेच्याच सॅनिटरी कमिशनचे अध्यक्ष हेन्री बेलोज पाहणीला आले. तुंबलेलं पाणी, घाण संडास, कुजकी हाडं, भांड्यांतलं ओतलेलं खरकटं पाहून त्यांनी लिहिलं की ही जमीन आता कशानेच शुद्ध होणार नाही, सगळ्याला आग लावणं हाच उपाय. गटार बांधायची मागणी वर गेली, तर सैन्याचा पुरवठा बघणारे क्वार्टरमास्टर जनरल मेग्ज यांनी तो खर्च उधळपट्टी ठरवून नाकारला. पुढे 1863 च्या फेब्रुवारीत तिथल्या 3,884 कैद्यांपैकी 387 मेले. एका महिन्यात दहातला एक. सरकारी फाइलवर एका माणसाने मारलेला एक शेरा, आणि ही संख्या. आमच्या अण्णांनी उभी हयात सरकारी खात्यात काढली. ते एवढंच म्हणाले, "शेरा मारणाऱ्याला नंतर बढती मिळाली असेल बघ." युद्ध संपल्यावरही मेग्ज त्याच पदावर होते.

दुपारी दक्षिणेला ओक वूड्स दफनभूमीत गेलो. छावणीतले मृतदेह आधी शहरातल्या जुन्या दफनभूमीत, म्हणजे आजच्या लिंकन पार्कच्या जागी पुरले होते. ते काढून इथे एका मोठ्या खड्ड्यात आणले. वर मातीची टेकडी, टेकडीवर ग्रॅनाइटचा स्तंभ, स्तंभावर हात बांधून खाली मान घातलेला दक्षिणेचा शिपाई. चौथऱ्याभोवती ब्राँझचे पत्रे आणि त्यावर चार हजारांहून जास्त नावं, पलटणीसकट. 30 मे 1895 रोजी याचं लोकार्पण झालं तेव्हा राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड हजर होते. बाजूला बारा छोटे दगड आहेत, ते इथेच मेलेल्या उत्तरेच्या शिपायांचे, बहुधा पहारेकऱ्यांचे. रोगाने गजाच्या दोन्ही बाजूंना हात मारला.

या टेकडीच्या जवळच आणखी एक दगड आहे, आणि मला तो जास्त आवडला. टॉमस लोथर नावाच्या गुलामगिरीविरोधी माणसाने 1896 मध्ये तो रागाने उभारला. दक्षिणेत राहून फुटीरपणाला विरोध केला म्हणून ज्यांना मारलं गेलं त्या अनाम लोकांसाठी. म्हणजे स्मारकाला उत्तर स्मारकाने. त्याच दफनभूमीत आयडा बी. वेल्स आहेत, ज्यांनी झुंडीने फासावर चढवलेल्या कृष्णवर्णीयांच्या हकिगती गावोगाव जाऊन नोंदवल्या. शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन आहेत. ऑलिंपिकचे जेसी ओवेन्स आहेत. भोवतीची वस्ती आज बहुतांशी कृष्णवर्णीयांची. गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेले शिपाई आणि ही माणसं एका कुंपणात. अण्णा बराच वेळ नावं वाचत होते. त्यात स्टॅनली नाही, कारण तो सुटला.

कसा सुटला ते सांगायला हवं. छावणीतल्या एका अधिकाऱ्याने सुचवलं की उत्तरेच्या सैन्यात नाव घाल, दरवाजा उघडेल. आधी तो नाही म्हणाला. मग गाडे भरून जाताना पाहत राहिला. 4 जून 1862 रोजी त्याने निष्ठेची शपथ घेतली आणि इलिनॉयच्या तोफखान्यात दाखल झाला. पहिल्यांदा गणवेश चढवून वर्षही झालं नव्हतं, आणि रंग बदलला.

शनिवार, दक्षिणेला

दिवसभर गाडी. शिकागोतून निघून इलिनॉय राज्य उभं कापत गेलो. मक्याची रिकामी शेतं, पवनचक्क्या, पुन्हा शेतं. बायकोने बांधून दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी कँकाकीच्या पुढे संपली.

अण्णांना स्टॅनली हवा होता त्यात नाशिकचाही एक धागा होता, तो त्यांनी या रस्त्यात नीट उलगडला. शरणपूर रोड सगळ्या नाशिककरांना ठाऊक आहे, पण शरणपूर म्हणजे काय होतं ते फार थोड्यांना. चर्च मिशनरी सोसायटीने तिथे वसाहत केली होती. अरबी समुद्रात इंग्रज आरमार गुलामांची जहाजं पकडायचं, सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवायचं, आणि त्यातली काही शरणपूरला शिकायला पाठवली जायची. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी. यांनाच पुढे 'नासिक बॉइज' म्हटलं गेलं. लिव्हिंग्स्टनने 1866 च्या मोहिमेत अशी नऊ मुलं नेली होती. आणि 1872 मध्ये स्टॅनलीने झांझिबारहून लिव्हिंग्स्टनकडे जी 57 माणसं पाठवली, त्यातही नाशिकला शिकलेले होते. त्यांच्यातला जेकब वेनराइट. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा जेकबने झाडावर त्याचं नाव कोरलं, बाकीच्यांबरोबर देह समुद्रापर्यंत आणला आणि पुढे बोटीने लंडनला गेला. 1874 च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला ज्यांनी हात लावला त्यात एका बाजूला स्टॅनली होता आणि नाशिकच्या शाळेतला जेकब होता.

स्टॅनली स्वतःही मुंबईत राहून गेला आहे. इराणातून येऊन 1870 च्या पावसाळ्यात तो मुंबईत थांबला, आणि 12 ऑक्टोबरला 'पॉली' नावाच्या शिडाच्या जहाजातून मॉरिशसकडे निघाला. तिथून झांझिबार. म्हणजे लिव्हिंग्स्टनच्या शोधाचा शेवटचा टप्पा मुंबईहून सुरू झाला.

"मग त्याला इतका मान कशाला द्यायचा?" हे मी मुद्दाम काढलं. नंतर याच माणसाने बेल्जियमच्या लिओपोल्ड राजासाठी काँगोत ठाणी वसवली आणि तिथे पुढे जे अत्याचार झाले त्याची वाट मोकळी करून दिली.

"मान कोण देतंय," अण्णा म्हणाले. "माणूस कसा घडला ते बघायचंय."

संध्याकाळी इलिनॉयच्या अगदी टोकाला केरो. इथे ओहायो आणि मिसिसिपी नद्या मिळतात. संगमाच्या टोकावर उभं राहिलं की दोन पाण्यांचे दोन रंग काही अंतर वेगवेगळे वाहताना दिसतात. आपल्याकडे इथे घाट असता, देऊळ असतं, पिंडदान करणारे भटजी असते. इथे मोकळं मैदान, चिखल आणि बार्जेस. यादवी युद्धात उत्तरेच्या जनरल ग्रांटचा तळ इथे होता. शायलोत पकडलेल्या कैद्यांना आगबोटींनी टेनेसी नदीतून ओहायोत आणि इथून वळून मिसिसिपीने वर सेंट लुइसला नेलं. तिथून रेल्वेने शिकागो. त्या बोटींना या टोकाला वळसा घालण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. गाव स्वतः मात्र ओस पडलंय. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांच्या भिंती उभ्या आहेत, छपरं नाहीत. रेल्वे आणि पूल आल्यावर बोटींचा धंदा गेला. कृष्णवर्णीयांशी झालेल्या वागणुकीतून जे पेटलं त्यात उरलेलं गाव रिकामं झालं.

ओहायोचा पूल ओलांडून केंटकीत शिरलो. रात्री टेनेसीत एका मोटेलात मुक्काम. काउंटरवर अपेक्षेप्रमाणे पटेल. अण्णांनी गुजरातीत सुरुवात केली आणि खोलीत चहाची किटली आली.

रविवार, शायलो

1862 सालची 6 एप्रिलही रविवारच होता. आम्ही नेमक्या त्याच तारखेला नव्हतो, पण आठवडा तोच. रेडबडची झाडं जांभळी-गुलाबी, डॉगवूड पांढरे, आणि हवा पहाटे थंड, दहाला घाम.

शायलो नॅशनल मिलिटरी पार्क 1894 च्या डिसेंबरमध्ये स्थापन झालं. लढलेले लोक तेव्हा जिवंत होते. ते येऊन सांगत गेले, इथे आमची पलटण होती, इथे तोफ होती, आणि त्याप्रमाणे पाट्या लागल्या. म्हणून इतकी तपशीलवार रणभूमी मी दुसरी पाहिलेली नाही. ओतीव लोखंडाच्या शेकडो पाट्या. लाल रंग दक्षिणेचा, निळा ग्रांटच्या सैन्याचा, पिवळा नंतर मदतीला आलेल्या ब्युएलच्या सैन्याचा. पहिल्या दिवसाच्या पाट्या चौकोनी, दुसऱ्या दिवसाच्या लंबगोल. एकदा हे कळलं की रान वाचता येऊ लागतं. अण्णांना ही पद्धत इतकी आवडली की पानिपतावर असं काही का नाही यावर त्यांनी अर्धा तास घेतला. त्यांचं म्हणणं खोटं नाही.

स्टॅनलीची पलटण म्हणजे सहावी आर्कान्सा, तिची 'ई' कंपनी, टोपणनाव 'डिक्सी ग्रेज'. 3 एप्रिलला ते कॉरिंथहून निघाले. अंतर वीस-बावीस मैलच, पण वाटेत पाऊस, चिखल आणि चाळीस हजारांच्या वर माणसांची गर्दी. आधी व्हायचा तो हल्ला लांबत 6 तारखेच्या पहाटेवर गेला. उत्तरेचं सैन्य टेनेसी नदीवरच्या पिट्सबर्ग लँडिंग या धक्क्याजवळ तंबू ठोकून निवांत होतं. खंदक खणले नव्हते. पाच वाजता फ्रेली नावाच्या शेतात पहिल्या गोळ्या सुटल्या.

आम्ही तिथून चालायला लागलो. गाडीने फिरण्यासारखी वाट आहे, पण स्टॅनलीचं वर्णन पायी ताडून बघायचं होतं. तो सांगतो की ओळी लावून उभं असताना शेजारच्या हेन्री पार्करने, सतरा वर्षांच्या पोराने, पायाशी उगवलेली व्हायोलेटची फुलं तोडून टोपीत खोवली. ही शांततेची खूण आहे, ती पाहून यांकी, म्हणजे उत्तरेवाले, कदाचित मला मारणार नाहीत, असं तो म्हणाला. स्टॅनलीनेही खोवली. आजूबाजूचे हसले. पुढे काही वेळाने त्याच पार्करचा पाय चिरडला आणि तो मागे राहिला. ही गोष्ट फार साहित्यिक वाटते, म्हणून मला शंका होती. पण झाडांखाली गवतात, बुटाच्या टोकाएवढ्या उंचीवर, निळ्याजांभळ्या व्हायोलेटचे पुंजके ठिकठिकाणी होते. फुलं तरी खरी.

शस्त्रांचं वर्णनही खरं वाटतं. त्यांच्याकडे चकमकीच्या दगडाने पेटणाऱ्या जुन्या बंदुका होत्या. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी आणि छर्रे गजाने ठासायचे, मग नेम. समोरच्यांकडच्या रायफली कितीतरी लांबून अचूक मारत. अशा बंदुका घेऊन धावत जाऊन त्यांनी उत्तरेचे तंबू घेतले. सहावी आर्कान्सा ज्या ब्रिगेडमध्ये होती ती उत्तरेच्या कर्नल पीबॉडीच्या तळावर चालून गेली. उलटी उभी केलेली तोफेची नळी आज पीबॉडी पडला ती जागा दाखवते. चुलीवर न्याहारी तशीच होती, असं दक्षिणेचे बरेच शिपाई सांगतात. उपाशी पोरांनी लढाई सोडून आधी खाल्लं. मला यात काहीच नवल वाटलं नाही.

दुसऱ्या चढाईत स्टॅनलीच्या पट्ट्याच्या बकलावर गोळी बसली. बक्कल वाकलं, तो कोसळला, जखम नव्हती. झाडाआड सरपटत जाऊन पडून राहिला, पिशवीतलं खाल्लं आणि मागून पलटण गाठायला निघाला. त्या वाटेवर प्रेतं पाहिली. तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की आपण काय करतोय. त्याच दुपारी त्यांचा सेनापती आल्बर्ट सिडनी जॉन्स्टन पायात गोळी लागून रक्तस्रावाने मेला. रक्त थांबवायचा पट्टा त्याच्या खिशातच होता, पण स्वतःच्या डॉक्टरला त्याने जखमी कैद्यांकडे धाडलं होतं. तिथे स्मारक आहे आणि गर्दीही तिथेच. आम्ही पुढे गेलो.

रात्र पावसाची. नदीतल्या 'टायलर' आणि 'लेक्सिंग्टन' या दोन तोफबोटी पहाटेपर्यंत ठरावीक वेळाने तोफा डागत राहिल्या, कोणाला झोप लागू नये म्हणून. स्टॅनली शत्रूच्याच तंबूत झोपला. सकाळी ब्युएलचं ताजं सैन्य उतरलेलं होतं. 7 तारखेला पुढे सरकताना तो एका खळगीत आडोशाला थांबला, वर मान काढली तर दोन्ही बाजूंना निळे गणवेश. त्याचे लोक मागे हटले होते. बंदूक टाक नाहीतर भोक पाडतो, असा हुकूम आला. टाकली. त्याचं कॉन्फेडरेट सैन्यातलं लढणं इथे संपलं. ही जागा नेमकी कुठे ते कोणी सांगू शकत नाही. लंबगोल पाट्यांवरून अंदाज करत आम्ही एका ओहोळाच्या काठाशी पोचलो, तिथे एक कुटुंब सँडविच खात होतं.

दोन दिवसांत दोन्ही बाजू मिळून सुमारे 23,700 ठार, जखमी आणि बेपत्ता. तोवरच्या अमेरिकेच्या कुठल्याही लढाईत एवढे पडले नव्हते. उत्तरेच्या मेलेल्यांना 1866 मध्ये नदीकाठच्या टेकाडावर राष्ट्रीय दफनभूमी मिळाली. यादवी युद्धातल्या 3,584 जणांपैकी 2,359 अनोळखी, नुसत्या नंबराचे दगड. दक्षिणेच्यांना लढाईनंतर लगेच चर खणून एकत्र पुरलं. पाच चर आज ओळखता येतात, भोवती तोफगोळ्यांची कड. सर्वांत मोठ्यात सातशेच्या वर आहेत असं मानतात. ना नाव ना नंबर. इथे मला शिकागोची टेकडी आठवली. कैदेत मेलेल्याचं नाव पहारेकऱ्याच्या वहीत असतं, म्हणून ते ब्राँझवर येतं. रणात मेलेल्याची वही नसते.

अण्णांचं मत वेगळं पडलं. "रणभूमी चार हजार एकर राखली आणि तुरुंगावर फ्लॅट बांधले, हे बघ आधी." जॉर्जियात दक्षिणेने चालवलेला अँडरसनव्हिल तुरुंग मात्र राष्ट्रीय स्मारक आहे. तिथे उत्तरेचे सुमारे तेरा हजार कैदी मेले. जिंकलेल्यांनी हरलेल्यांचा तुरुंग दाखवायला ठेवला, स्वतःचा पुसला. यावर मला उत्तर सुचलं नाही. एवढंच म्हणालो की शहर वाढलं की काहीही गिळतं.

निघण्याआधी नदीच्या कड्यावर मातीचे मोठे उंचवटे पाहिले. युद्धाशी त्यांचा संबंध नाही. मिसिसिपियन संस्कृतीच्या लोकांनी सुमारे आठशे वर्षांपूर्वी इथे गाव वसवलं होतं. तिथे आमच्याशिवाय एकच म्हातारं जोडपं होतं.

सोमवार, कॉरिंथ

शायलोहून दक्षिणेला थोडंसं, मिसिसिपी राज्यात. या गावासाठी एवढी माणसं का मेली ते स्टेशनावर उभं राहिलं की समजतं. मेम्फिस-चार्ल्सटन आणि मोबाइल-ओहायो असे दोन रेल्वेमार्ग इथे एकमेकांना काटकोनात छेदतात. मनमाड ज्याच्या हातात त्याच्या हातात खानदेश आणि मराठवाडा, तसला प्रकार. अण्णांना ही तुलना लगेच पटली.

स्टॅनली मागे पडला, पण त्याच्या पलटणीचे वाचलेले जखमी याच गावात परत आले. हॉटेलं, घरं, फलाट, सगळीकडे जखमी पडले होते.

गावाच्या कडेला एक जागा आहे ती चुकवू नये. 1862 च्या शरद ऋतूत गाव उत्तरेच्या ताब्यात असताना आसपासच्या मळ्यांवरून पळून आलेले गुलाम इथे जमले. त्यांनी घरं बांधली, शाळा आणि चर्च काढलं, सरकारी जमिनीवर कापूस आणि भाजी पिकवून नफाही दाखवला. त्यांच्यातून पलटण उभी राहिली. 1863 च्या डिसेंबरमध्ये सैन्याने त्यांना मेम्फिसला हलवलं आणि गाव मोडलं. आज तिथे मोकळ्या गवतात पायवाट आहे आणि ब्राँझचे माणसाएवढे पुतळे. स्टॅनलीच्या सोबत्यांत मळेवाल्यांची पोरं होती आणि काहींनी स्वयंपाकाला घरचे गुलाम आणले होते. शायलोचा चिखल तुडवणाऱ्या पोरांविषयी कणव वाटत असताना ही दुसरी माणसं डोळ्यांसमोर हवीत. कैद्यांच्या हालांचं वर्णन करणारे पुष्कळ जण त्यांना गाळतात.

जेवायला बोरम्स ड्रगस्टोअर. 1865 पासून चालू असलेलं औषधांचं दुकान, त्यातच सोडा फाउंटन. इथला खास पदार्थ म्हणजे स्लगबर्गर. मांसात सोयाबीनचं पीठ मिसळून चपटी टिक्की तेलात तळतात, वर मोहरी, कांदा, लोणचं. महागाईच्या दिवसांत मांस पुरवून वापरायची युक्ती. मला आवडला. अण्णांनी चीज सँडविच घेतलं आणि माझ्याकडे न बघता खाल्लं.

मंगळवार, लिटल रॉक

मेम्फिसहून मिसिसिपी ओलांडली की आर्कान्सा. मैलोन्‌मैल सपाट भाताची शेतं, बांध घातलेली. अमेरिकेत सर्वांत जास्त भात याच राज्यात पिकतो. अण्णांनी गाडी थांबवायला लावली आणि माती हातात घेऊन पाहिली. "काळी नाही," एवढा शेरा.

स्टॅनली 1861 मध्ये आर्कान्सा नदीकाठी सायप्रस बेंड इथल्या एका दुकानात कारकून होता. दलदलीचा मुलूख, सतत हिवताप, वजन उतरत उतरत पंच्याण्णव पौंडांवर आलं. गिऱ्हाईक म्हणजे भोवतालचे मळेवाले, शब्दावरून पिस्तूल काढणारे. राज्य 6 मे 1861 रोजी फुटून निघालं आणि पोरं भरती होऊ लागली. स्टॅनली परका, ब्रिटिश प्रजाजन, त्याला या भांडणाशी कर्तव्य नव्हतं. मग एक दिवस त्याच्या नावाने पार्सल आलं. उघडलं तर आत बायकांचे आतले कपडे, कृष्णवर्णीय मोलकरीण घालेल तसले. कोणा तरुणीने पाठवले असणार असा त्याचा कयास होता. आपल्याकडे बांगड्या पाठवतात. तो गेला आणि भरती झाला.

ती भरती ज्या शस्त्रागारात झाली ते 1840 चं, विटांचं, मधोमध मनोरा असलेलं घर आजही मॅकआर्थर पार्कात उभं आहे. आत लष्करी संग्रहालय. जनरल डग्लस मॅकआर्थर 1880 मध्ये याच इमारतीत जन्मला, त्यामुळे भिंती बऱ्याच त्याच्याच. सहाव्या आर्कान्साविषयी अण्णांनी काउंटरवरच्या बाईंना इतके प्रश्न विचारले की त्यांनी खुर्ची दिली. ही पलटण शायलोनंतर पेरीव्हिल, चिकमॉगा, फ्रँकलिन अशी झिजत गेली आणि 1865 च्या एप्रिलमध्ये उरलेसुरले नॉर्थ कॅरोलायनात शरण आले.

बाहेर बाकावर बसून आमचा वाद झाला. माझं म्हणणं, त्याने दोनदा शपथ घेतली आणि दोन्ही वेळा मनातून नाही. एकदा लाजेपोटी, एकदा मरणाच्या भीतीने. त्याला फितूर म्हणणाऱ्याने आधी कॅम्प डग्लसच्या बराकीत एक आठवडा काढावा. अण्णांनी मान हलवली, पण पुढचं काढलं. उत्तरेच्या तोफखान्यात तो जेमतेम तीन आठवडे होता. हार्पर्स फेरीला पोचतो न पोचतो तोच हगवणीने आडवा झाला, आणि 22 जूनला त्याला नालायक ठरवून सोडून दिलं. तुरुंगातलाच रोग अंगात होता. धड चालता येत नव्हतं, एका शेतकऱ्याने घरी ठेवून बरा केला. वर्षअखेर वेल्सला आईच्या दारात गेला, तिने दारातूनच परत पाठवला. 1864 मध्ये तो पुन्हा उत्तरेच्या आरमारात शिरला, 'मिनेसोटा' जहाजावर कारकून झाला, दक्षिणेच्या फोर्ट फिशर या किल्ल्यावरचा मारा पाहिला आणि 1865 च्या फेब्रुवारीत पळाला. दोन सैन्यं, एक आरमार.

"या तिसऱ्या वेळेला कोण होतं मागे लागलेलं?" अण्णांनी विचारलं. "ना पार्सल, ना हगवण."

"पगार," मी म्हणालो.

"मग त्याला तुझ्या त्या दोन शपथांतून इतका सोडू नको." त्यांनी पिशवीतून नकाशा काढला आणि हार्पर्स फेरी शोधायला लागले. लिटल रॉकहून ते दीड दिवसाच्या अंतरावर आहे. माझी रजा बुधवारपर्यंतच होती, तसं सांगितलं. ते म्हणाले, मला बसमध्ये बसवून दे.